अ‍ॅव्हरेज वाढवणारी डबी

सोलापुरात गॅरेज चालवणाऱ्याच्या कानावर दिवसभरात सगळ्यांत जास्त पडतं ते 'मालक', आणि त्याच्या खालोखाल 'अ‍ॅव्हरेज'. ब्रेक कमी लागतात हे गिऱ्हाईक तिसऱ्या वाक्यात सांगतं. अ‍ॅव्हरेज पडलंय हे पहिल्याच. यात नावं ठेवण्यासारखं मला काही वाटत नाही. ज्याचं रोजचं जाणं-येणं बार्शीला नाहीतर अक्कलकोटला, त्याच्यासाठी लिटरमागे दोन किलोमीटर म्हणजे महिन्याच्या किराण्यातला हिशेब असतो. त्या हिशेबावरच डबीवाल्यांचा धंदा उभा राहिला, आणि त्या धंद्याच्या मागून येणारी दुरुस्ती माझ्याकडे येत गेली.

मी मुळात गाड्यांचा वायरमन. डायनामो, सेल्फ, हॉर्न, वायरिंग. कार्बोरेटरच्या काळात माझा इंजिनाशी संबंध प्लगपर्यंतच यायचा. पुढे इंजेक्शनच्या गाड्या आल्या, इंजिनाचं निम्मं काम वायरीत आलं, आणि मीही इंजिनात शिरलो. २०१० साली भारत स्टेज चार हे मानक देशभर लागू होण्याआधी मोजक्या शहरांत आलं, त्यात मुंबई-पुण्याच्या बरोबरीने सोलापूरचंही नाव होतं. त्यामुळे नव्या गाड्या आमच्याकडे लवकर आल्या आणि त्यांना फसवायच्या युक्त्याही फार मागे राहिल्या नाहीत.

युक्ती तशी जुनीच. कार्बोरेटर असताना अ‍ॅव्हरेज वाढवायचं म्हणजे मिक्श्चरचा स्क्रू पिळायचा, किंवा मेन जेट काढून बारीक भोकाचा बसवायचा. जेटच्या भोकात तांब्याच्या वायरीची एक तार घालून ठेवणारे महाभागही मी पाहिलेत. पिकअप जायचा, प्लग पांढरे पडायचे, आणि मे महिन्यात भरल्या गाडीने तुळजापूरचा घाट चढताना कधीतरी व्हॉल्व्ह जळायचा. पण त्यात लपवाछपवी नव्हती. स्क्रू पिळला की पेट्रोल कमी, झालं. डबीचं तसं नाही. डबी पेट्रोलला हातसुद्धा लावत नाही. पेट्रोल किती सोडायचं हे जो ठरवतो, त्याला ती चुकीची बातमी देते.

बातमी देणारा सेन्सर सायलेन्सरच्या सुरुवातीला, इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे बसवलेला असतो. दिसायला प्लगासारखा, मागे तीन-चार वायरी. ऑक्सिजन सेन्सर. बॉशने १९७६ साली त्याचं उत्पादन सुरू केलं आणि अमेरिकेत विकायच्या व्होल्व्होच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला. टोकाला झिर्कोनियाची टोपी असते. ती तीनेकशे अंशांवर तापली की धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांतली तफावत व्होल्टात सांगते. धुरात ऑक्सिजन उरलाच नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर ०.८-०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडलं असेल, तर ०.१ च्या आसपास. मधली रेघ साधारण ०.४५ ची. ईसीएम, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीचा कॉम्प्युटर, त्या रेघेवर डोळा ठेवून असतो. वर गेलं की पेट्रोल थोडं कमी, खाली आलं की थोडं जास्त. गाडी चालू असताना स्कॅनरवर हा आलेख बघितला तर सेकंदा-दोन सेकंदाला वर-खाली होत राहतो, आणि तो तसा होत राहणं हीच गाडी ठीक असल्याची खूण.

डबी काय करते? सेन्सरची वायर तोडून मध्ये बसते आणि सेन्सर जे सांगेल त्यात दोन-तीन दशांश व्होल्ट आपल्या पदरचे मिळवून पुढे पाठवते. आमटीची चव घेणाऱ्याच्या जिभेवर आधीच चिमूटभर मीठ ठेवलं तर तो म्हणणारच, मीठ जास्त झालं. पुढच्या वेळी तो हात आखडता घेईल. ईसीएमचंही तेच होतं. त्याला वाटतं पेट्रोल जास्त होतंय, आणि तो कापायला लागतो. सांगायला इतकं सोपं असल्यामुळे ऐकणाऱ्याला पटकन पटतं. विकणारा वर आणखी एक वाक्य टाकतो: कंपनी मुद्दाम पेट्रोल जास्त पाजते.

या वाक्यावर मी बरीच वर्षं नुसता हसायचो. नंतर जसजसं वाचत गेलो, दोन-चार ट्रेनिंगला बसलो, तसं लक्षात आलं की ते वाक्य अगदीच खोटं नाही. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, आणि ईसीएम तेच प्रमाण धरून चालतो. पण फक्त अ‍ॅव्हरेज बघायचं असेल तर सगळ्यांत चांगलं प्रमाण १४.७ नाही, त्याहून थोडं कोरडं, साडेपंधरा-सोळाच्या जवळचं आहे. म्हणजे कंपनीला पेट्रोलची आणखी थोडी बचत करता आली असती आणि तिने ती केलेली नाही. गिऱ्हाइकाचा संशय एवढ्यापुरता बरोबर आहे. ती का केली नाही, हे मात्र डबीवाला सांगत नाही, कारण त्याचं उत्तर सेन्सरच्या पुढे, सायलेन्सरच्या पोटात बसलेलं आहे.

तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आम्ही नुसतं कॅट म्हणतो. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीची चिनीमातीची वीट आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. भारतात कॅट असलेल्या पेट्रोल गाड्या १९९५ साली चार महानगरांत सक्तीच्या झाल्या. या विटेला एकाच वेळी दोन उलटी कामं करायची असतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेलं पेट्रोल यांना ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा ऑक्सिजन काढून घ्यायचा. दोन्ही एकत्र जमतं ते हवा-पेट्रोलाचं प्रमाण १४.७ ला चिकटून असेल तेव्हाच. एखादा टक्का जरी हवेकडे सरकलं तरी धुरात मोकळा ऑक्सिजन शिरतो, आणि नायट्रोजन ऑक्साइडांचं काम जवळपास बंद पडतं. म्हणजे तो आकडा इंजिनासाठी निवडलेला नाही, कॅटसाठी निवडलेला आहे.

हे माझंच म्हणणं नाही. होंडाने १९९२ च्या सिव्हिकमध्ये व्हीएक्स नावाचं मॉडेल काढलं होतं, कमी पेट्रोलवर मुद्दाम कोरडं चालणारं इंजिन घालून. अ‍ॅव्हरेज नाव काढण्यासारखं होतं. पण नायट्रोजन ऑक्साइडांचे नियम कडक असलेल्या कॅलिफोर्नियात तीच गाडी कोरडं चालवण्याची सोय काढून विकावी लागली. त्या इंजिनासाठी वेगळा, जास्त बारीक मोजणारा सेन्सर लागला, वेगळी डोकी लागली, सगळी कंपनी कामाला लागली. आणि आमच्याकडे ते काम कुरिअरने आलेली डबी करणार.

बार्शीला रोज जा-ये करणारे एक शिक्षक होते. गाडी नीट ठेवणारा माणूस. डॅशबोर्डच्या खणात वही, वहीत भरलेलं पेट्रोल, किलोमीटर, पंपाचं नाव. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि चढावर गाडी झटके मारते, एवढी तक्रार. स्कॅनरवर कोड आला पी-०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोलच्या मूळ हिशेबात केलेली वाढ-घट, उणे पंचवीस टक्क्यांच्या जवळ. ईसीएमने कापता येईल तेवढं पेट्रोल कापलेलं, तरी सेन्सरचं पालुपद तेच, जास्त, जास्त. अशा वेळी बघतात ते सगळं बघितलं. इंजेक्टर गळतोय का, पंपाचं प्रेशर वाढलंय का, पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का. सगळं ठीक. प्लग काढले आणि घोळ वाढला. पेट्रोल जास्त तर प्लग काळे हवेत, हे पांढरेफटक. धुराला पेट्रोलचा वास नाही. गाडी शेजारच्या पीयूसीवाल्याकडे नेली, नळी घातली, तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जवळजवळ शून्य आणि ऑक्सिजन भरपूर. स्कॅनर म्हणतोय पेट्रोल जास्त, पीयूसीचं मशीन म्हणतंय कमी, आणि प्लग मशीनच्या बाजूने.

मग सेन्सरची वायर हाताने चाचपत गेलो. फायरवॉलच्या अलीकडे काळ्या टेपची जाडसर गाठ, तिथून एक वायर आत, आणि स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी डबी. निळा दिवा, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायची पिळी.

"ती होय?" सर म्हणाले. "ती अ‍ॅव्हरेजची. तिचा काय संबंध?"

डबी काढली, वायरी नीट जोडून सोल्डर केल्या, कोड उडवला, आणि गाडी दोन दिवसांत ठिकाणावर आली. पण माझ्या कामाची पद्धत त्या गाडीने बदलली. स्कॅनरवर दिसतं ते ईसीएमला दिसतं तेवढंच. ईसीएम फसला की स्कॅनरही फसतो, आणि स्कॅनरच्या भरवशावर पार्ट बदलणारा मेकॅनिकही. अशा गाड्यांना नवे इंजेक्टर, नवा पंप, नवा सेन्सर असं सगळं बसवून मालक दिवाळखोरीला आलेले मी नंतर पाहिले, आणि डबी तशीच निळा दिवा लावून बसलेली. आता गाडी आली की तक्रार ऐकण्याआधी मी विचारतो, बाहेरून काय काय बसवलंय? माणसं स्पीकरपासून सुरुवात करतात.

सरांची वही मी मागून घेतली होती. डबी बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अ‍ॅव्हरेज खरंच वाढलेलं दिसत होतं. मला त्याचं नवल वाटलं म्हणून खोदून विचारलं. त्या महिन्यात सर साठच्या वर गेले नव्हते, कारण डबीचा फरक बघायचा होता. एसी लावला नव्हता. पेट्रोल भरताना नोझल पहिल्यांदा कटते तिथेच थांबत होते. आधी वरून आणखी भरायचे. डबी नसती आणि नुसतं एवढंच केलं असतं तरी आकडा वाढलाच असता. पुढच्या महिन्यांत वही उतरत गेलेली होती. झटके मारणारी गाडी चढावर जास्त अ‍ॅक्सिलरेटर मागते, आणि न जळता गेलेलं पेट्रोलही आपण विकतच घेतलेलं असतं.

मग मला चैन पडेना. डबीचा आतला हिशेब काय आहे हे बघायचं म्हणून माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीवर एक छोटा सेल आणि व्होल्ट कमी-जास्त करायची पिळी लावून तीच गंमत केली, स्कॅनर समोर ठेवून. जे दिसलं ते मजेशीर होतं. एक-दोन दशांश व्होल्ट मिळवले तर ट्रिममध्ये म्हणावा असा फरकच पडेना. कारण सेन्सरचा आलेख मधे कड्यासारखा उभा आहे. ०.४५ वर असो की ०.२५ वर, खरं प्रमाण केसभरच सरकतं. म्हणजे पेट्रोल वाचतं ते केसभर. पिळी आणखी फिरवली आणि ०.३५ च्या पुढे गेलो, तसा खेळ पालटला. सेन्सरचं सगळ्यांत खालचं ०.१ आणि वरचे माझे ०.३५ मिळून रेघेच्या खाली काही जाईचना. ईसीएमला कायम पेट्रोल जास्तच दिसू लागलं आणि तो कापतच सुटला, इंजिन थरथरेपर्यंत, दिवा लागेपर्यंत. दोन्हींच्या मधे, जिथे पाच-सात टक्के बचत होईल आणि गाडी सुखाने चालेल, अशी जागा त्या पिळीवर नव्हती. जुन्या पद्धतीच्या सेन्सरवर ती असूच शकत नाही.

त्या वेळी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका ओळखीच्या माणसाने पाच वायू मोजणारं मशीन दिलं होतं. ते मागच्या सीटवर ठेवून होटगी रोडला फेरी मारली. अ‍ॅव्हरेजमध्ये काहीच दिसत नव्हतं त्या पिळीवरही नायट्रोजन ऑक्साइडांचा आकडा झरझर वर गेला. वाचलं काहीच नाही, आणि धूर मात्र बिघडला. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, कारण तोच धूर पीयूसीला झकास पास होतो. पीयूसीत सीओ आणि हायड्रोकार्बन मोजतात. पेट्रोल कमी केलं की सीओ आणखी खाली येतो. नव्या गाड्यांना वरच्या आरपीएमवर लॅम्बडाही, म्हणजे १४.७ च्या मानाने हवा किती तेही, बघतात, पण तिथे १ च्या अलीकडे-पलीकडे ०.०३ एवढी मोकळीक आहे. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. डबी बसवलेल्या गाडीचा मालक पीयूसीचा कागद मला दाखवतो आणि म्हणतो, बघा, आधीपेक्षा स्वच्छ! त्याला दोष तरी कसा देणार? नायट्रोजनचे ऑक्साइड दिसत नाहीत, सीओइतकं त्यांचं नाव लोकांना माहीत नाही, आणि उन्हात त्यांच्यापासून तयार होणारा ओझोन ज्याच्या छातीत जातो तो बहुधा दुचाकीवर सिग्नलला मागे उभा असतो.

बऱ्याच गाड्यांत कॅटच्या मागे दुसरा सेन्सर असतो. त्याचं मुख्य काम कॅट जिवंत आहे की मेला हे बघणं. पण कित्येक ईसीएम त्याचं ऐकून पुढच्या सेन्सरची चूकही दुरुस्त करून घेतात. पुढचा म्हणतोय पेट्रोल जास्त, मागचा म्हणतोय सतत ऑक्सिजन येतोय. ईसीएम हळूहळू मागच्याचं ऐकतो आणि कापलेलं पेट्रोल परत देतो. गिऱ्हाईक डबीवाल्याला फोन करतं, की महिन्यात फरक गेला. डबीवाला मागच्या सेन्सरसाठी दुसरी डबी विकतो. ही मी थट्टा करत नाहीये. चार सेन्सरांच्या गाडीला चार वाहिन्यांची डबीही बाजारात आहे.

नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर आता वेगळ्या जातीचा, प्रमाण नेमकं मोजणारा येतो. त्याच्यावर डबी बसवून खरंच चार-पाच टक्के कोरडं चालवता येतं आणि खरंच थोडं पेट्रोल वाचतं. हे कबूल करायला हवं. पण तिथे धोकाही खरा होतो. एरवी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीएम सेन्सर बाजूला ठेवून पेट्रोल वाढवतो, इंजिन थंड राहावं म्हणून. मात्र अनेक गाड्यांत सेन्सरकडून शिकलेली लाँग टर्म ट्रिम तिथेही लागू राहते. सपाट रस्त्यावर शिकलेली खोटी वजाबाकी घाटात भरल्या गाडीला लागते, आणि नॉकिंग सुरू होतं. सोलापूरच्या चव्वेचाळीस अंशांत, एसी लावून, पाच माणसं घेऊन. पिस्टनला डबीचा खुलासा देता येत नाही.

तरी मी पाहिलेल्यांत पिस्टन क्वचित गेले. जातो तो कॅट. नवरात्रात एका कुटुंबाला तुळजापूरहून उतरताना गाडीत मॅट करपल्याचा वास आला. थांबून बघतात तर गाडीखाली सायलेन्सरचा मधला भाग लाल. देवाच्या कृपेने खाली वाळलेलं गवत नव्हतं. नंतर गाडी साठच्या वर जायलाच तयार नाही. माझ्याकडे टो करून आली. कॅट उतरवून आत बॅटरी मारली, तर जाळीची वीट वितळून एका बाजूला गोळा झालेली. धुराला वाट राहिली होती ती बोटभर. मिश्रण फार कोरडं झालं की एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही. ते न पेटलेलं पेट्रोल आणि सोबतचा ऑक्सिजन तसेच पुढे जातात आणि तापलेल्या विटेवर पेटतात. वीट हजार अंशांच्या वर गेली की थर मरतो, आणखी वर गेली की वीटच बसते. स्टिअरिंगखाली हात घातला. निळा दिवा होताच.

नव्या कॅटची किंमत सांगितल्यावर त्या गृहस्थांनी जे विचारलं ते प्रत्येक जण विचारतो: "आतली वीट फोडून रिकामा डबा बसवला तर?" आणि मागच्या सेन्सरचं काय, तर त्याला लांब नट लावून धुराबाहेर काढायचा, म्हणजे त्यालाही कळायला नको. एक खोटं लपवायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. हे काम करून देणारे आहेत. मी करत नाही. कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करणाऱ्या मालकाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरं सांगायचं तर मी त्या कलमाच्या भीतीने नाही म्हणत नाही. सोलापुरात बॉनेट उघडून सेन्सरची वायर तपासणारा आरटीओ मला अजून भेटलेला नाही. वॉरंटी आणि विम्याचं कारण सांगितलं की मात्र माणसं लगेच ऐकतात.

पाण्यावर गाडी चालवणाऱ्यांचं एक पर्व मधे येऊन गेलं. बॉनेटमध्ये बरणी, बरणीत पाणी आणि कॉस्टिक पोटॅश, अल्टरनेटरच्या विजेने त्याचा वायू करायचा आणि इंजिनात सोडायचा. अल्टरनेटर इंजिनच फिरवतं, ते पेट्रोलवरच चालतं, हे सांगून कुणाला पटायचं नाही. फरक पडला नाही की विकणारा म्हणायचा, आमचा ऑक्सिजन बघून सेन्सर गोंधळतो, म्हणून सोबत डबी घ्या. एका गाडीत ती बरणी फुटून बॅटरीखालचा पत्रा खाल्ला होता. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

दुचाकींमध्ये २०२० पासून, बीएस-सहा आल्यावर, सेन्सर सर्रास आला. कॉलेजची पोरं बाहेरचा सायलेन्सर बसवताना सेन्सरच्या जागी खोटा प्लग लावून येतात. तिथे उलटं होतं: ईसीएम सावधगिरीने पेट्रोल वाढवून ठेवतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. आवाजासाठी दिलेली किंमत म्हणून पोरं ते मुकाट्याने भरतात. त्यांची मला कधीकधी मजा वाटते, निदान ती बचतीचं नाव घेत नाहीत.

सेन्सरला खोटं बोलायला लावणं प्रत्येक वेळी फसवणूकच असते असंही नाही. पुण्याहून आलेल्या सीएनजीच्या जुन्या गाड्यांत मी अशा डब्या पाहिल्या आणि त्या मुद्दाम जागेवर ठेवल्या. मिथेनला लागणारी हवा वेगळी, किलोमागे सतरा किलोच्या वर. सीएनजीवर चालताना पेट्रोलच्या ईसीएमला खरी बातमी गेली तर तो पेट्रोलचा हिशेब उगाच बिघडवून ठेवेल, म्हणून तेवढ्या वेळापुरता त्याला एक ठरावीक, शांत आलेख दाखवायचा. तिथे सीएनजीचं मिश्रण सांभाळायला दुसरी व्यवस्था असते. अ‍ॅव्हरेजच्या डबीत मागे कुणीच नसतं, एवढाच फरक. पण तो सगळा फरक आहे.

मग अ‍ॅव्हरेजचं काय करायचं? मी आधी थर्मोस्टॅट बघतो. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची जुनी रीत. कार्बोरेटरवर ते खपून जायचं. ईसीएमच्या गाडीत इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आणि ईसीएम समजतो गाडी अजून सकाळची थंडच आहे. पेट्रोल वाढवून देत राहतो. गरम होण्याचं खरं कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर नाहीतर मेलेला पंखा असतो. थर्मोस्टॅट परत बसवून आणि रेडिएटर धुऊन मी जितकं अ‍ॅव्हरेज परत मिळवून दिलंय तितकं कोणत्याच डबीने दिलेलं मी पाहिलं नाही.

दुसरं, सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचा जॉइंट फुटलाय का. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीएम पेट्रोल वाढवतो. गिऱ्हाइकाला नुसता फटफट आवाज ऐकू येतो आणि तो म्हणतो, आवाजाचं नंतर बघू. तिसरं, सेन्सर स्वतः म्हातारा झालाय का. लाखभर किलोमीटर झालेला सेन्सर मरत नाही, मंद होतो. आलेख वर-खाली होतो पण सावकाश, आणि दिवा लागत नाही म्हणून कुणी बघत नाही. इंजिनाला भलतं सिलिकॉन लावणाऱ्या मेकॅनिकांनीही अनेक सेन्सर मारले आहेत; टोकावर पांढरी पूड दिसते. बाकी टायरची हवा, घासणारा ब्रेक, चोंदलेला फिल्टर. यात सांगण्यासारखी गंमत नाही, म्हणून कुणी कुरिअरने मागवत नाही.

आता नवा विषय ई-ट्वेंटीचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल इथल्याच उसाचं, आणि अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रारही इथलीच. तक्रार खोटी नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्मा कमी. वीस टक्के मिसळलं तर लिटरमागे सहा-सात टक्के कमी मिळणार. दहा टक्केवाल्या पेट्रोलशी तुलना केली तर त्याच्या निम्मं. ते कोणत्याही सेटिंगने परत येत नाही. उलट इथे सेन्सर जे करतो ते बघण्यासारखं आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे दहा टक्क्यांसाठी बेतलेली गाडी वीस टक्क्यांवर आपोआप कोरडी पडायला लागते. सेन्सरला ते कळतं, ईसीएम पेट्रोल वाढवतो, आणि इंजिन जिथे असायला हवं तिथे राहतं. स्कॅनरवर ट्रिम अधिकच्या बाजूला चार-पाचवर जाऊन थांबलेली दिसते. गिऱ्हाइकाला मी तो आकडा दाखवतो. ही गाडी बिघडलेली नाही, ती पोटापुरतं मागून घेतेय, आणि तिचं तोंड बांधलं तर आधीच कोरडं पडलेलं इंजिन दुपटीने कोरडं चालेल.

आकडा बघून निम्मी माणसं वाद थांबवतात. उरलेली विचारतात, हा आकडा खाली आणणारी डबी मिळते का. मिळते, हे त्यांनाही माहीत असतं. मी बसवून देईन का, एवढंच त्यांना बघायचं असतं.